मजूर कोणाचा? उचल, कोयता आणि हक्काची मजुरी



धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील पारधी पिढ्यांवर, तांड्यांवर आणि गावाबाहेरच्या वस्त्यांवर काम करताना पावसाळा संपत आला की एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो. "ताई, उचल फिटली न्हाई तर पुढं काय?" विचारणारी बहुधा बाई असते. तिच्या घरात पैसे येऊन गेलेले असतात. आजारपण, लग्न, घरावरचे पत्रे किंवा आधीच्या वर्षाची बाकी यांत ते संपलेले असतात. काम अजून सुरूही झालेले नसते.

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे, पण ते वस्तीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून या अंकात तो विषय जरा सविस्तर मांडत आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण वस्त्यांवर जाता, मुलांच्या वसतिगृहासाठी मदत पाठवता, मजुरांसाठी प्रार्थना करता. त्यांच्या मजुरीचा हिशेब कसा चालतो आणि तो कोठे अडतो, हे आपल्याला ठाऊक असावे.

हिशेब कसा चालतो

भूम, वाशी, कळंब, परंडा या भागातून दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात. काही कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुण्याकडे, तर काही कर्नाटकात बेळगाव, बागलकोटकडे. आपल्या जिल्ह्यातही साखर कारखाने आहेत आणि त्यांच्या फडावर बाहेरून टोळ्या येतात. त्यांत मध्य प्रदेशातील आदिवासी कुटुंबेही असतात. म्हणजे आपला जिल्हा मजूर पाठवणाराही आहे आणि मजूर आणणाराही.

टोळीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी प्रत्येक कोयत्याला उचल देतो. ती पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत असते. पुढे तोडलेल्या उसाच्या टनांतून ती फिटत जाते. आठवड्या-पंधरवड्याला किराण्यासाठी जी खर्ची मिळते, तीही याच हिशेबात धरली जाते.

टनाचा दर संघटना आणि साखर संघ यांच्या वाटाघाटींतून ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा मूळ दर टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपये झाला. मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. दोघे मिळून दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतात, मोळ्या बांधतात आणि गाडी भरतात. त्याचे ७३२ रुपये होतात, म्हणजे माणशी ३६६. दिवस बारा तासांचा धरला तर तासाला साडेतीस रुपये पडले. रात्री गाडी आली आणि अंधारात भरावी लागली, तर तो वेळ वेगळा. महाराष्ट्रात २०२४-२५ या वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर ती तासाला ३७ रुपये होते. टनाचा दर ऐकायला मोठा वाटतो, पण तासावर आणला की तो रोजगार हमीच्याही खाली जातो.

पुढचा हिशेब उचलीचा. एक लाख रुपये फेडायला ३६६ च्या दराने सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले तर जवळजवळ १३७ दिवस. पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला आणि कामाचे ११० दिवसच मिळाले, तर २२० टनांचे ८०,५२० रुपये होतात. राहिले १९,४८० रुपये. त्यात बाई आजारी पडली म्हणून दहा दिवस खाडे झाले आणि खाड्याला पाचशे रुपये कापले, तर बाकी २४,४८० वर गेली. खर्ची यात अजून धरलेलीच नाही. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते. पाच-सहा महिने घाम गाळून घरी परतलेले कुटुंब कर्जदार होऊन परतते ते असे.

मालक कोण?

नोकरदार माणसाला विचारले की तुझा मालक कोण, तर तो नेमणुकीचे पत्र दाखवतो. ऊसतोड मजुराला विचारले तर तो मुकादमाचे नाव सांगतो. मुकादम तोडणी-वाहतूक ठेकेदाराकडे बोट दाखवतो. ठेकेदाराचा करार कारखान्याशी असतो. कारखाना म्हणतो, ऊस शेतकऱ्याच्या रानात तोडला जातो, मजूर आमच्या पटावर नाहीत.

पण कामाची सूत्रे कोणाच्या हाती असतात ते पाहा. कोणाचा ऊस कधी तोडायचा, हे कारखान्याचे शेतकी खाते ठरवते. गाडी कारखान्याची वाट धरते. वजन कारखान्याच्या काट्यावर होते आणि पावतीही तेथेच निघते. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याला मिळणाऱ्या ऊसदरातून वजा होतो आणि ते पैसे ठेकेदारामार्फत खाली येतात. या साखळीत पैसा प्रत्येक टप्प्यावर नोंदला जातो, फक्त शेवटच्या टप्प्यावर, जेथे हात राबतात, तेथे नोंद नसते.

गमतीचा भाग असा, की मजूर टोळी सोडून निघाला की त्याच्यावर हक्क सांगणारे लगेच उभे राहतात. त्याने राहिलेली मजुरी मागितली की त्याला कोणीच मालक उरत नाही.

न्यायालयांनी हा गुंता पूर्वीच पाहिला आहे. १९७८ मध्ये हुसेनभाई विरुद्ध आलथ फॅक्टरी या केरळमधील प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी तत्त्व सांगितले, की मजुरांच्या श्रमातून ज्याचा धंदा चालतो आणि ज्याच्या हाती त्यांच्या पोटाची दोरी असते, तोच खरा मालक. मधला ठेकेदार हा पडदा असेल तर तो बाजूला सारून पाहावे. पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की ठेकेदाराचा प्रत्येक मजूर आपोआप कारखान्याचा कायम कामगार होत नाही. म्हणून 'कायम नोकरी' आणि 'मजुरीची जबाबदारी' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पहिली मिळवणे अवघड आहे. दुसरी कायद्याने बरीच स्पष्ट आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. किमान वेतन अधिनियम १९४८ आणि समान वेतन अधिनियम १९७६ यांची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. तिच्यातील पाच गोष्टी आपण वस्तीवर सांगू शकतो.

मजुरी ज्याने द्यायची त्याने दिली नाही, तर ज्या आस्थापनेसाठी काम झाले तिच्या मालकावर ती जबाबदारी येते. काम सुटल्यावर राहिलेली मजुरी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावी लागते. मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. पाचवी गोष्ट खाड्याची. गैरहजेरीसाठी तेवढ्या वेळाच्या मजुरीपेक्षा जास्त कपात करता येत नाही, आणि दंड मजुरीच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाही. टनावर काम करणाऱ्याला खाड्याच्या दिवशी मुळातच काही मिळत नाही. त्यावर आणखी पाचशे रुपये कापणे म्हणजे एकाच दिवसाची दोनदा वसुली.

खामसवाडी आणि वाखरवाडीच्या विहिरी

मजुरीचा प्रश्न पैशापुरता राहत नाही, हे आपल्याच जिल्ह्याने जून २०२३ मध्ये पाहिले. खामसवाडी आणि वाखरवाडी शिवारात विहिरी खोदण्यासाठी आणलेल्या मजुरांना ठेकेदारांनी कोंडून ठेवले होते. दिवसाला बारा तास आणि त्याहूनही जास्त काम, आणि रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळदंड. एक मजूर निसटला, हिंगोलीकडे आपल्या गावी पोहोचला आणि त्याने पोलिसांना सांगितले. त्यानंतर ढोकी पोलिसांनी दोन्ही ठिकाणी जाऊन ११ मजुरांची सुटका केली. तपासात जे पुढे आले ते ऐकून मन सुन्न होते. काही महिने राबवून घ्यायचे आणि मग इतका छळ करायचा, की मजूर मजुरी न मागता पळून जाईल. साखळदंडाचा उपयोग मजुरी बुडवण्यासाठी होत होता.

हे वाचून आपण म्हणतो, असे क्वचितच घडते. लोखंडी साखळी क्वचित दिसते, हे खरे आहे. पण कायदा फक्त लोखंडाची साखळी पाहत नाही. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम १९७६ प्रमाणे उचल किंवा कर्जाच्या बदल्यात माणसाला किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे, दुसरीकडे कामाला जाऊ न देणे किंवा त्याचे येणेजाणे अडवणे ही वेठबिगारीच आहे. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे संविधानाच्या कलम २३ ने मना केलेली सक्तीची मजुरी होय.

या कायद्यात आमच्या बायाबापड्यांना दिलासा देणारे पुष्कळ आहे. वेठबिगारीचे कर्ज आपोआप रद्द होते. ते कर्ज वेठबिगारीचे नाही, हे पैसे देणाऱ्याने सिद्ध करायचे असते. वेठीला लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सुटका आणि चौकशीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची आहे आणि जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समिती असावी लागते. सुटलेल्या मजुराला पुनर्वसनासाठी केंद्राच्या योजनेतून पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि अतिशय गंभीर छळाच्या प्रकरणांत तीन लाख रुपयांपर्यंत मदत आहे. त्यासाठी मुक्तीचे प्रमाणपत्र लागते. ते न घेता माणूस घरी परतला तर मदतीचा रस्ता अवघड होतो.

येथे मुकादमाची बाजूही सांगितली पाहिजे. पुष्कळ मुकादम स्वतः कोयता चालवून वर आलेले आहेत आणि ठेकेदाराकडून आणलेल्या पैशांचे तेही देणेकरी असतात. काही मजूर दोन मुकादमांकडून उचल घेतात आणि एकालाही तोंड दाखवत नाहीत. ते चुकीचे आहे आणि आम्ही वस्तीवर तसे स्पष्ट सांगतो. पण अशा तक्रारीसाठी कायद्याचा रस्ता आहे. माणूस, त्याची बायको किंवा पोर अडवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

बाईचे नाव आणि पारध्याचे कागद

कोयता या शब्दात बाई हरवून जाते. ती नवऱ्याबरोबर पहाटे फडात जाते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढते, त्याआधी आणि त्यानंतर चूल तिचीच असते. उचलीवर अंगठा मात्र नवऱ्याचा, हिशेब त्याच्याच नावाने आणि पैसेही त्याच्याच हातात. तिला मजुरी किती मिळाली, असे विचारले तर उत्तर देता येत नाही, कारण तिची मजुरी वेगळी लिहिलेलीच नसते. समान कामाला समान वेतन हा कायदा तिच्यापर्यंत पोहोचायचा असेल, तर आधी तिचे नाव कागदावर आले पाहिजे.

पारधी कुटुंबांची अडचण आणखी खोल आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, तो शिक्का पारध्यांवरही बसला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण गावाच्या मनातून तो अजून पुसला गेलेला नाही. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, तरी कित्येक घरांत जन्माचा दाखला नाही, जातीचा दाखला नाही, शिधापत्रिका नाही. मजुरी बुडाली तर पोलिस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते, कारण फिर्यादी म्हणून गेलेला माणूस संशयित होऊन बसेल असे वाटते. उचलीवर राबणारा किंवा शेत राखायला ठेवलेला पारधी अशा वेळी गप्प राहतो.

त्यांना हे सांगितले पाहिजे, की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला वेठबिगारीला लावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. तसेच विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला आणि वेठबिगारीत अडकलेल्याला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. धाराशिवच्या न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करता येतो. १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

नोंद झाली की काय होते

महाराष्ट्राला हा प्रश्न सोडवता येत नाही, असे नाही. बाजार समितीतला हमालही एकेकाळी असाच कोणाचाच नव्हता. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्या व्यापाऱ्याचे. अण्णासाहेब पाटील आणि इतरांच्या चळवळीमुळे १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याने मालक एकच असला पाहिजे ही अट बाजूला ठेवली. हमालांची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्यांचीही नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत आणि तिच्यावर भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस यांसाठी वेगळी लेव्ही. हमाल तोच राहिला, पोते तेच राहिले. नाव नोंदले गेले, म्हणून हक्क मागता आला.

ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि शासनाने तेवढेच घालायचे, असे २०२१ मध्ये ठरले. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे. या चांगल्या गोष्टी आहेत. पण त्यांचाही लाभ नोंद असलेल्या मजुरालाच मिळतो आणि त्या मजुरीच्या हिशेबाची जागा घेऊ शकत नाहीत.

नोंदीची ताकद लहान प्रमाणात मी वस्तीवरही पाहिली आहे. एका पारधी कुटुंबातील आठवीत शिकलेली मुलगी आईवडिलांबरोबर फडावर गेली होती. तिने शाळेच्या वहीत रोजची तारीख, गाडी आणि वजन लिहून ठेवले. हंगाम संपल्यावर मुकादमाच्या हिशेबात अकरा हजार बाकी निघाली. वही आणि काट्याच्या पावत्या समोर ठेवल्या तेव्हा चार खेपा राहून गेल्याचे दिसले आणि खाड्याचे पैसेही काढून टाकावे लागले. बाकी तीन हजारांवर आली. भांडण झाले नाही, कोणी कोर्टात गेले नाही.

आपण काय सांगावे, काय करावे

निघण्यापूर्वी : उचलीचा आकडा, तारीख, टनाचा दर आणि खाड्याची अट दोन कागदांवर लिहावी व एक प्रत घरी ठेवावी. नवरा आणि बायको दोघांची नावे त्यावर असावीत. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा देऊ नये. मुकादम, ठेकेदार आणि कारखाना या तिघांची नावे लिहून घ्यावीत. ग्रामपंचायतीत ऊसतोड मजूर म्हणून नोंद करून ओळखपत्र मागावे. ई-श्रम नोंदणीही करून घ्यावी.

कामावर असताना : रोजची वही ठेवावी. वजनाच्या पावतीचा मोबाइलवर फोटो काढावा. खर्ची घेतली की लगेच लिहावी. शिधापत्रिकेवरचे धान्य कामाच्या गावीही मिळते, ते घ्यावे, म्हणजे खर्ची कमी लागते. इजा झाली तर दवाखान्याचे कागद जपावेत. कामावरच्या अपघातात ठेकेदाराबरोबर मुख्य मालकावरही भरपाईची जबाबदारी येते, हे १९२३ पासून कायद्यात आहे.

परतल्यावर : हिशेब साक्षीदारांसमोर करावा आणि लेखी घ्यावा. मजुरी राहिली असेल तर कामगार कार्यालयात अर्ज द्यावा. कोणी अडवून ठेवले असेल, तर जिल्हाधिकारी, तहसीलदार किंवा पोलिसांना तातडीने कळवावे. मंडळीतील शिकलेल्या तरुणांनी असे अर्ज लिहून देण्याची सेवा करावी. दोन पानांचा अर्ज लिहायला अर्धा तास लागतो, पण तो लिहिणारा हात वस्तीवर मिळत नाही.

वस्तीवरच्या त्या बाईला म्हणूनच मी असे उत्तर देते : "उचल फिटली नाही तर हिशेब मागायचा, लेखी मागायचा. तू बांधलेली नाहीस. तुझ्या लेकराला कोणी ठेवून घेऊ शकत नाही."

शेवटी आपल्याविषयी. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना सांगतो, की गरीब मजूर आपल्यातला असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावी. याकोबाच्या पत्रातही अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते असे सांगितले आहे. ही वचने आपण मुकादमाकडे पाहून वाचतो. पण आपल्या घरी धुणेभांडी करणारी बाई आहे, शेतात रोजंदारी आहे, चर्चच्या बांधकामावर बिगारी आहेत. त्यांचे नाव आपल्या वहीत आहे का, खाड्याचे आपण किती कापतो आणि संध्याकाळी त्यांचा हात रिकामा जातो का, हे या महिन्यात प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे. वस्तीवर हक्कांची भाषा बोलण्याआधी आपला स्वतःचा हिशेब चोख असावा, ही विनंती.